मालवणची लोकसंख्या सोलापूरकडच्या गावाशी तोलायची तर आकडे कुठले घ्यायचे?

सातरस्ता_भूगोल:

एम.ए. भूगोलाचा प्रकल्प आहे, सोलापूर विद्यापीठ. विषय: छोट्या किनारी शहराची लोकसंख्या रचना, तुलनेला आपल्या जिल्ह्यातलं तेवढंच एक शहर. किनाऱ्यावरचं मालवण पक्कं केलंय. इकडचं मंगळवेढा घ्यावं की दुधनी-मैंदर्गीपैकी एक, ते ठरत नाही.

अडचणी अशा. नेटवर मालवणची लोकसंख्या कुठे साडेअठरा हजार दिसते, तर कुठे ‘चालू वर्षाची’ म्हणून बरीच जास्त. खरी कुठली धरायची? मालवणचा वयोगट मनोरा (प्रत्येक वयोगटात किती पुरुष, किती स्त्रिया हे दाखवणारा आलेख) काढायचाय, पण पाच-पाच वर्षांच्या गटांचा तक्ता मिळत नाही. सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया दिसतात, म्हणजे तिकडे मुली जास्त जन्मतात असं लिहिलं तर चालेल का? आणि पाहणीसाठी मे महिन्यात सुट्टीत जायचं म्हणतेय. जाणकारांनी जरा सांगा.

आकडेमोड:

ताई, आधी शहर निवडा, मग आकडे. जनगणनेत शहरांचे सहा वर्ग आहेत: एक लाख आणि वर पहिला, ५० हजार ते लाख दुसरा, २० ते ५० हजार तिसरा, १० ते २० हजार चौथा, ५ ते १० हजार पाचवा आणि त्याखालचा सहावा. मालवण चौथ्या वर्गात येतं. मंगळवेढा वीस हजारांच्या वर, म्हणजे तिसऱ्यात. वर्ग जुळवायचा तर अक्कलकोट तालुक्यातल्या दुधनी-मैंदर्गीकडे वळा. अकलूज घेऊ नका. तिथली नगरपरिषद २०२१ ची, त्यामुळे २०११ च्या तक्त्यात ते नगरपालिका म्हणून सापडणारच नाही. तिकडे कुडाळचंही तसंच: २०११ ला कुडाळ ‘जनगणना शहर’ होतं, नगरपंचायत नंतर आली. जनगणना शहर म्हणजे कारभार ग्रामपंचायतीचा, पण तीन अटी पुऱ्या करणारं गाव: लोकसंख्या किमान ५,०००, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात, आणि घनता चौरस किलोमीटरला किमान ४००.

आता खरा आकडा कुठला. शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची. त्यानंतरचा जो आकडा कुठल्याही साइटवर दिसतो तो कुणी मोजलेला नाही, मागच्या वाढीची रेघ पुढे ओढलेली आहे. बऱ्याचदा ती रेघ राज्याच्या वाढीची असते. महाराष्ट्र २००१ ते २०११ मध्ये १५.९९ टक्क्यांनी वाढला आणि मालवण शहर दोन्ही वेळा साडेअठरा हजारांच्या आसपासच राहिलं. अशा शहराला राज्याचा दर लावला की कागदावर दहा वर्षांत तीन हजार माणसं फुकट जन्माला येतात.

तुम्हाला तीन गोष्टी लागतील. पहिली, प्राथमिक जनगणना गोषवारा. नगरपालिकेचा तो वॉर्डापर्यंत मिळतो: कुटुंबं, स्त्री-पुरुष, ० ते ६ वयाची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, मुख्य कामगार (वर्षात सहा महिने किंवा जास्त काम करणारे) आणि सीमांत कामगार (त्याहून कमी). २०११ चा जिल्हा क्रमांक सोलापूरला ५२६, सिंधुदुर्गला ५२९. २००१ च्या फाइलीत हेच क्रमांक ३० आणि ३३ आहेत, तेव्हा दोन फाइली क्रमांकावरून जोडायला गेलात तर सगळं विस्कटेल, नावावरून जोडा. दुसरी, जिल्हा जनगणना पुस्तिका: ‘अ’ भागात गाव-शहर निर्देशिका, ‘ब’ भागात हाच गोषवारा. तिसरी, ए-४ तक्ता. त्यात प्रत्येक शहराची १९०१ पासूनची लोकसंख्या आणि हद्द बदलली असेल तर तळटीप असते. मात्र १९८१ च्या आधीची जुनी छापील पुस्तकं चाळताना मालवण रत्नागिरी जिल्ह्यात शोधा, सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ चा आहे.

तळटीप वाचल्याशिवाय वाढीचा दर काढू नका, हे सोलापूरकराला तरी वेगळं सांगायला नको. आपलं शहर १९९१ ला साधारण ६.०४ लाख आणि २००१ ला ८.७२ लाख दिसतं. चव्वेचाळीस टक्के वाढ! पण मध्ये १९९२ ची हद्दवाढ आहे. भोवतालची गावं आत आली, तिथली माणसं होती तिथेच होती. नुसता आकडा पाहून ‘गिरण्यांच्या शहरात लोंढा आला’ असं लिहिणारे निबंध कमी नाहीत.

वॉर्डांचीही तीच गत. जनगणनेचे वॉर्ड आणि पुढच्या निवडणुकीतले प्रभाग वेगळे असतात. २००१ चा वॉर्ड ३ आणि २०११ चा वॉर्ड ३ एकच असं नकाशा न बघता धरू नका. शक्यतो तुलना अख्ख्या शहराची करा आणि वॉर्ड फक्त २०११ चे, एकमेकांशी ताडायला वापरा.

दांडीकिनारा:

वरचं बरोबर, पण मालवणच्या हद्दीचा वेगळाच घोळ आहे. लोक ज्याला मालवण म्हणतात त्यातलं बरंचसं नगरपालिकेत नाहीच. तारकर्ली, देवबाग, वायरी, कुंभारमाठ ही स्वतंत्र गावं आहेत. पर्यटनामुळे आलेली नवी घरं, लॉज, स्कूबावाले, बाहेरून आलेले आचारी आणि कामगार मोठ्या प्रमाणात या गावांत आहेत. नगरपालिकेच्या हद्दीत बाजारपेठ, भरड, मेढा, धुरीवाडा, देऊळवाडा, दांडी असा जुना भाग येतो. त्यामुळे ‘पर्यटन वाढलं तरी मालवणची लोकसंख्या वाढली नाही’ हे वाक्य नगरपालिकेच्या आकड्यावरून लिहू नका. शहर आणि शेजारची गावं अशी दोन वेगळी बेरीज करा. गावांचे आकडे त्याच पुस्तिकेच्या ‘ब’ भागात मिळतात.

कामगारांच्या तक्त्यात मासेमारी शोधू नका, सापडणार नाही. गोषवाऱ्यात चारच खण असतात: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग, इतर. मच्छीमार ‘इतर’ मध्ये जातो, बँकेतल्या कारकुनाच्या आणि रिक्षावाल्याच्या शेजारी. मासळी सुकवणाऱ्या, विकणाऱ्या बायका तर कित्येकदा ‘काम न करणाऱ्या’ म्हणून लिहिल्या जातात, कारण प्रश्नाचं उत्तर घरातला पुरुष देतो. मच्छीमार कुटुंबांसाठी केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेची मच्छीमार गणना बघा, २००५, २०१० आणि २०१६ ची. ती मच्छीमार गावांनुसार कुटुंबं, नौका आणि व्यवसाय मोजते. पण त्यातलं ‘गाव’ आणि जनगणनेचा वॉर्ड एकाला एक जुळत नाहीत.

मे महिन्यात पाहणी? नको. तेव्हा चाकरमानी आलेले असतात, बंद घरं उघडी असतात, एका घरात दोन-दोन भावांची कुटुंबं. गणपतीतही तेच, आणि आंगणेवाडीच्या जत्रेच्या दिवसांतही. जून-जुलैत उलटा प्रकार होतो: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी, म्हणून बाहेरचे खलाशी आपापल्या मुलखात गेलेले. नोव्हेंबरचा शेवट ते डिसेंबरचा मध्य बरा, नाताळची गर्दी सुरू व्हायच्या आत उरका. सोलापूरहून कोल्हापूर, फोंडा घाट, कणकवली करत या.

ऊसपट्टा:

चाकरमान्यांचा मुद्दा निघालाच आहे तर तुलनेतली खरी मेख सांगतो. २०११ ची माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली आणि १ ते ५ मार्चला फेरतपासणी. माणूस जिथे नेहमी राहतो तिथे मोजायचा. पण तो सगळा मोजणीकाळ बाहेर असेल तर घरी मोजायचा नाही, जिथे सापडेल तिथे मोजायचा.

आता फेब्रुवारी म्हणजे काय ते दोन्हीकडे लावून बघा. मालवणात फेब्रुवारीत चाकरमानी मुंबईत असतो, तो मुंबईतच मोजला जातो, आणि ते योग्यही आहे. सोलापूर जिल्ह्यात फेब्रुवारी म्हणजे उसाचा गाळप हंगाम. माळशिरस, पंढरपूर, माढा भागात फडावर बाहेरच्या टोळ्या कोपी घालून असतात, आणि आपल्याच कोरडवाहू गावांतली माणसं तोडीला दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली असतात. एकीकडे माणूस जास्त दिसतो, दुसरीकडे कमी. जी तारीख किनाऱ्यावर जवळपास स्थिर राहणारी वस्ती दाखवते तीच इकडे हंगामी हालचाल मोजते. नगरपालिका हद्दीत हा परिणाम खेड्यांइतका नसतो, म्हणून तुमच्या शहरापुरतं फार बिघडणार नाही. पण पार्श्वभूमी म्हणून तालुक्याचे आकडे शेजारी ठेवणार असाल तर एक ओळ लिहाच.

आणि पंढरपूरची लोकसंख्या आषाढीला कुणी मोजत नाही. मग मालवणची मे महिन्यात का मोजावी?

नकाशावाला:

एवढं कशाला? मतदार यादी घ्या की. दर वर्षी नवी होते, भागनिहाय असते, वयही लिहिलेलं असतं. १८ वर्षांवरचा मनोरा आपोआप तयार.

आकडेमोड:

यादी दर वर्षी नवी होते, पण माणूस दर वर्षी नवा होत नाही. कोकणात ही चूक सगळ्यात महाग पडते. वीस वर्षं मुंबईत राहणाऱ्याचं नाव गावच्या यादीत टिकून असतं, मतदानाला गाडी करून येतातही. म्हणजे जनगणना ज्याला वगळते नेमका तोच यादीत येतो, आणि तोही २५ ते ५० वयाचा. मनोरा मधे फुगणार, तुमचा निष्कर्ष उलटा. रेशनकार्डाचंही हेच. पडताळा म्हणून मात्र यादी कामाची आहे: २०११ च्या आसपासचे मतदार भागिले ७ वर्षांवरची लोकसंख्या, हे गुणोत्तर मालवणचं आणि दुधनीचं काढा. मालवणचं ठळकपणे जास्त आलं तर तो फरक बाहेर राहणाऱ्यांचा अंदाज देतो. पण अंदाजच म्हणा.

मनोऱ्याबद्दल: पाच वर्षांच्या गटांचा तक्ता सी-१४. तो जिल्ह्याचा, ग्रामीण-नागरी वेगळा करून, आणि मोठ्या शहरांचा मिळतो. सोलापूर शहराचा आहे, मालवणचा नाही. म्हणून तुमच्यापुढे दोन वाटा. एक, ‘सिंधुदुर्ग नागरी’ आणि ‘सोलापूर नागरी’ असे मनोरे काढायचे. पण सिंधुदुर्गचा नागरी भाग एकूण लोकसंख्येच्या तेरा टक्क्यांच्या आत आणि तो सगळा छोट्या शहरांचा, तर सोलापूर नागरी म्हणजे मुख्यतः सोलापूर महानगरपालिका. त्यातून दुधनी दिसणारच नाही. दोन, मनोरा सोडून द्यायचा आणि शहरापुरतं ०-६ चं प्रमाण आणि कुटुंबाचा सरासरी आकार हे दोनच निर्देशक घ्यायचे. मी दुसरी वाट घेईन. कमी आकड्यांचा खरा तक्ता बरा.

मनोरा काढलाच तर सांगितलेली वयं ० किंवा ५ ने संपणाऱ्या आकड्यांवर थबकतात हे ध्यानात ठेवा. ‘वय काय?’ ‘असंल की चाळीस.’ त्यासाठी व्हिपल निर्देशांक: २३ ते ६२ वयांमध्ये ० किंवा ५ ने संपणाऱ्या वयांची बेरीज, भागिले त्या पट्ट्याची एकूण लोकसंख्या, गुणिले ५०० (म्हणजे ५ गुणिले १००). १०० आला तर थबक नाही, ५०० आला तर सगळ्यांनी गोल वय सांगितलं. याला एकेका वर्षाचा तक्ता लागतो, पाच वर्षांचा चालत नाही.

सातरस्ता_भूगोल:

१,०३६ चं राहिलं. आणि शहरात वर्षाला जन्म किती, मृत्यू किती हे नगरपालिकेकडून घेऊन स्थलांतर काढता येईल का?

जन्ममृत्यू_वही:

मुली जास्त जन्मतात असं लिहू नका. २०११ ला सिंधुदुर्गात ४,१७,३३२ पुरुष आणि ४,३२,३१९ स्त्रिया, म्हणून १,०३६. पण त्याच जिल्ह्यात ०-६ वयाचं गुणोत्तर साडेनऊशेच्याही खाली आहे. मुली कमीच आहेत, फक्त मोठे पुरुष त्याहून कमी आहेत. रत्नागिरीत हे आणखी ठळक, १,१२२. सोलापूर जिल्हा ९३८. आणखी एक बघा: सिंधुदुर्ग २००१ ला १,०७९ होता, म्हणजे दहा वर्षांत उतरला. हे ‘स्त्रियांची स्थिती बिघडली’ म्हणून वाचायचं की ‘आता बायकोही मुंबई-पुणे-गोव्याला सोबत जाते’ म्हणून? दुसरं जास्त पटतं, कारण जिल्ह्याची एकूण लोकसंख्याही ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली, म्हणजे उणे २.२१ टक्के. एकटा पुरुष जातो तेव्हा गुणोत्तर चढतं, कुटुंब जातं तेव्हा कुलूप लागतं.

जन्म-मृत्यूंवरून स्थलांतर काढायचं सूत्र सोपं आहे: लोकसंख्येतला फरक वजा (जन्म वजा मृत्यू) म्हणजे निव्वळ स्थलांतर. घात होतो तो नोंदीच्या जागेत. १९६९ च्या कायद्याने नोंद जिथे घटना घडली तिथे होते, जिथे माणूस राहतो तिथे नाही. मालवणची बाई बाळंतपणाला कुडाळला, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा थेट गोव्यात बांबोळीला गेली तर तो जन्म मालवणच्या वहीत येत नाही. शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी. उलट सोलापूर शहरात धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडचे रुग्ण येतात, म्हणून शहराच्या वहीत जन्म आणि मृत्यू दोन्ही फुगतात. दुधनी-मैंदर्गीच्या बायकाही अक्कलकोट-सोलापूरला येणार, तेव्हा त्यांची वही मालवणसारखीच बारीक दिसेल. नोंदीच्या अर्जात आईचा नेहमीचा पत्ता असतो. तशी रहिवासावरून वेगळी केलेली संख्या मिळाली तरच सूत्र लावा.

ती नाही मिळाली तर वाढदराची पद्धत: राज्याचा दर १५.९९, शहराचा जवळपास शून्य, म्हणून निव्वळ बहिर्गमन दशकाला साधारण १६ टक्के. ही वरची मर्यादा समजा. कोकणात जन्मदर राज्यापेक्षा कमी आणि म्हाताऱ्यांचं प्रमाण जास्त, म्हणजे नैसर्गिक वाढ मुळातच १६ टक्के नाही. खरं बहिर्गमन त्याहून कमी.

स्थलांतराचे डी मालिकेचे तक्ते बघाल तर एक सांगतो: ते आलेल्यांचे असतात, गेलेल्यांचे नाहीत. मालवणचा माणूस मुंबईच्या तक्त्यात मिळेल. सिंधुदुर्गच्या तक्त्यात मिळतील त्या लग्न होऊन आलेल्या बायका.

आकडेमोड:

दोन हिशेब लोक हमखास चुकवतात. साक्षरता ७ वर्षांवरच्या लोकसंख्येवर काढतात, एकूणवर नाही. समजा शहर १८,०००, त्यात ०-६ ची मुलं १,५००, साक्षर १५,३००. बरोबर उत्तर १५,३०० भागिले १६,५००, म्हणजे ९२.७ टक्के. एकूणने भागलं तर ८५.० येतं. ज्या गावात मुलं जास्त त्या गावाला ही चूक जास्त झोडपते, म्हणजे तुमच्या तुलनेत दुधनी-मैंदर्गीवर अन्याय.

दुसरं, दशकाच्या वाढीला दहाने भागून वार्षिक दर म्हणायचं नाही. सोलापूर जिल्हा ३८,४९,५४३ वरून ४३,१७,७५६ वर गेला, दशकाची वाढ १२.१६ टक्के. दहाने भागलं तर १.२२. नैसर्गिक लॉगरिदमने काढलं तर १.१५. लहान आकड्यांत फरक किरकोळ वाटतो, पण पुढची वीस वर्षं काढायला बसलात की वाढत जातो.

दांडीकिनारा:

पाहणीबद्दल राहिलं होतं. १५० घरं घेतलीत तर टक्केवारीत साधारण आठ टक्के इकडे-तिकडे धरा. घरं एकाच वाडीतली घेतलीत तर चूक त्याहून मोठी, म्हणून पाच-सहा वॉर्डांत २५-३० अशी पसरा. घर निवडताना ठरवून दर अमक्याव्या घराला जा आणि कुलूप असेल तर शेजारचं उघडं घर घेऊ नका. सगळे विद्यार्थी हेच करतात आणि मग मालवण तरुण, भरलेलं दिसतं. कुलूप हीच नोंद आहे. ‘बंद’ लिहा आणि शेजाऱ्याला तीनच गोष्टी विचारा: कधीपासून, वर्षातून कधी उघडतं, माणसं कुठे असतात. गणपतीपुरतं उघडणारं घर आणि दहा वर्षं पडीक घर वेगळ्या खणात लिहा. भाड्याने पर्यटकांना दिलेलं तिसऱ्या खणात. आणि नौकेवर झोपणाऱ्या खलाशांना घरांच्या नमुन्यात धरता येत नाही, त्यांची संख्या बंदरावर नौकामालकांकडून वेगळी घ्या.

मातृभाषेचा तक्ता जोडणार असाल तर: मालवणी बोलणारा ‘मराठी’ सांगतो तेव्हा मराठीत मोजला जातो. ‘मालवणी’ सांगणाऱ्यांना जनगणना कोंकणीच्या गटात टाकते. तेव्हा सिंधुदुर्गात कोंकणी किती यावर मालवणी किती हे ठरवू नका.

ऊसपट्टा:

इकडची भाषा त्यापेक्षा सरळ आहे. अक्कलकोट तालुक्यात कन्नड घरात बोलणारा कन्नडच सांगतो, सोलापुरात तेलुगू बोलणारा पद्मशाली तेलुगूच सांगतो. पण त्यामुळे तुलना फसते: तक्त्यात अक्कलकोटकडचं गाव बहुभाषी दिसेल आणि मालवण एकभाषी.

घरगुती उद्योगाच्या खणाचंही बघून घ्या. सोलापुरात घरी विड्या वळणाऱ्या बाया त्यात येतात, यंत्रमागावरचा कामगार ‘इतर’ मध्ये. मालवणची मासळीवाली कुठेच नाही. त्यावरून इकडच्या बायका जास्त काम करतात असं कुणी लिहू नये.

सातरस्ता_भूगोल:

म्हणजे मनोरा गेला, मे महिना गेला, मंगळवेढा गेलं. शीर्षकात ‘सद्यस्थिती’ असं लिहिलंय, तेही काढू का?

आकडेमोड:

काढा. ‘२००१-२०११’ लिहा. पुढच्या जनगणनेची संदर्भवेळ १ मार्च २०२७ ची मध्यरात्र आहे, त्यासाठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवायच्या ठरल्या. शेवटच्या प्रकरणात दोन्ही शहरांच्या तेव्हाच्या हद्दींचा नकाशा जोडून ठेवा, पुढचा कुणी नवे आकडे आले की त्यावरूनच सुरू करील.